बोटीवर वखारीचा निकाल

लाकडाच्या वखारीत वाढलेल्या माणसांना बोलण्याची फारशी सवय नसते. करवत सुरू असली की बोलायचं तिनेच. माणसाने तोंड उघडलं तर आत भुसा जातो आणि शब्द काही बाहेर येत नाही. म्हणून त्या घराने हातांची एक भाषा करून घेतली होती. हाताची कड दुसऱ्या हातावर मागेपुढे ओढली की वखार. मूठ हवेत गोल फिरवली की करवतीचा पट्टा थांबवा. दोन्ही तळवे खाली दाबले की दिवस संपला, घरी चला. आणि बोटाने हवेत फुली मारली की माल विकला गेला, आता त्याला हात लावायचा नाही; कारण विकलेल्या ओंडक्यावर खडूने फुली ओढायची त्यांची पद्धत होती. त्या घरातली पोरं बोलायच्या आधी ही भाषा शिकत. धाकटा तर म्हणे पाळण्यात असताना आई गाऊ लागली की मूठ फिरवायचा: थांबव.

सुनांना मात्र ही भाषा कुणी शिकवली नाही. त्यांच्यासमोर त्यांच्याविषयी बोलायला ती सोयीची पडायची.

थोरला हा त्या घरातला पहिला मुलगा. गाव त्याला थोरला म्हणे, पाठचे भाऊ दादा म्हणत, आणि आबा, म्हणजे त्याचे वडील, नुसतं ‘अरे’ म्हणत. साठीला टेकला तरी त्या ‘अरे’ला तो पहिल्या हाकेत उठायचा. मधल्याने शहरात फर्निचरचं दुकान काढलं, धाकटा एका कचेरीत चिकटला, बहीण लग्न करून गेली. वखारीत राहिला तो थोरला. सकाळी पट्ट्याचे दात कानशीने घासायचे, ओंडका गाड्यावर चढवायचा, आणि करवतीच्या तोंडी द्यायचा. ताज्या कापलेल्या लाकडाचा वास त्याच्या कातडीत इतका मुरला होता, की थोरली, म्हणजे त्याची बायको, म्हणायची, “तुमच्या अंगाला खिळा मारला तर सरळ आत जाईल.”

मशीन आबांनी तरुणपणी स्वतः बसवली होती आणि चुकीची बसवली होती. सकाळचं ऊन शेडच्या तोंडातून थेट कापणाऱ्याच्या डोळ्यांत यायचं. मशीन थोडी फिरवली असती तर तेच ऊन पात्यावर पडलं असतं, काम सोन्यासारखं झालं असतं. थोरल्याने एकदा हे बोलून पाहिलं.

आबा म्हणाले, “मी आंधळा होतो काय बसवताना? वखार तुझी होईल त्या दिवशी फिरव हवी तिकडे. तोवर डोळे मीट.”

पुढे एका सकाळी ते ऊन डोळ्यांत असतानाच थोरल्याच्या डाव्या हाताची दोन बोटं पट्ट्यात गेली. त्याने उजवी मूठ वर करून गरागरा फिरवली. दुसऱ्या टोकाला, खटक्यापाशी, आबा उभे होते. त्यांनी पाहिलं. ओंडका मोठा महागाचा होता. मध्येच थांबवला असता तर फळीवर कायमचा व्रण राहिला असता. आबांनी फळी पुरती उतरू दिली आणि मग पट्टा थांबवला. त्यानंतर घरी पाहुणे आले की ते सांगत, “आमच्या थोरल्याला डाव्या हाताने तीनच्या पुढे मोजता येत नाही.” पाहुणे हसत. भाऊ हसत. थोरलाही हसे, आणि त्या हसण्यात खोटेपणा नसायचा. वखार मिळणार आहे हे धरून बसलेल्या माणसाला बोटांचं काय एवढं?

म्हणून तो गरीब गाय होता असं कुणी समजू नये. गाड्याच्या दुसऱ्या टोकाला उभा राहणारा त्याचा जोडीदार, ज्याच्याबरोबर त्याने अर्धं आयुष्य एका डब्यातून जेवण केलं, त्याची नजर अधू झाली तेव्हा आबांनी लांबूनच दोन्ही तळवे खाली दाबले. जोडीदाराने थोरल्याकडे पाहिलं. थोरला कानस शोधायला खाली वाकला, आणि जोडीदार फाटकाबाहेर जाईपर्यंत त्याला काही ती सापडली नाही. वखारीची वाट पाहणाऱ्याने वखारीच्या मालकाला दुखवायचं नसतं.

आता आबा पार थकले होते. हात थरथरायचे. मोठे हातवारे करताना, कुणास ठाऊक कसे, ते हात स्थिर राहत. पण चमचा धरला की अर्धं ताटात, अर्धं अंगावर. थोरला त्यांना घास भरवायचा. मांस असेल तर बारीक कापून, भाकर असेल तर मऊ करून. डोकं मात्र आबांचं पात्यासारखं लखलखीत होतं.

न्हाव्याच्या दुकानात त्यांनी कॅलेंडरवर एका मोठ्या बोटीचं चित्र पाहिलं, आणि घरी येऊन हुकूम सोडला. सगळ्यांनी बोटीवर यायचं. मुलं, सुना, मुलगी, जावई, नातवंडं, नातसुना, कडेवरची पोरं, कुणी म्हणता कुणी मागे राहायचं नाही. खर्च आबांचा.

“आणि बोटीवरच सगळ्यांसमोर वखारीचा निकाल लावतो,” ते म्हणाले.

थोरला पुढे सरकला. “इथेच लावला असता, आबा. समुद्रावर कशाला?”

“इथे मी बोलायला लागलो की कुणाला तरी दुकान आठवतं, कुणाला कचेरी आठवते. तिथे उठून जाऊन दाखवा म्हणावं.”

कधी न फिरकणारी माणसं मग फिरकू लागली. मधला फळांची टोपली घेऊन आला. धाकट्याने आबांसाठी लोकरीचा कोट आणला. जावई, जो सासऱ्याला आजवर पाण्यात पाहत आला होता, तो त्यांचे पाय दाबायला बसला. थोरली हे सगळं दारातून बघायची आणि नाक मुरडायची. “पाय दाबतोय की माप घेतोय?” ती थोरल्याला म्हणाली.

बोटीवर चढताना त्या खानदानाची रांग धक्क्याच्या या टोकापासून त्या टोकाला गेली. सुनांच्या नव्या बॅगांची चाकं खडखडत होती, पोरांनी रडून आकाश डोक्यावर घेतलं होतं, आणि मध्ये चाकाच्या खुर्चीत आबा, कुणी सिंहासन ढकलत आणावं तसे. बोट म्हणजे काय, पाण्यावर उभी केलेली पेठच. काचेच्या भिंती, पायांत रुतणारे गालिचे, आपोआप उघडणारी दारं. मधल्याची बायको प्रत्येक दारापुढे थांबून साडी नीट करायची, जणू पलीकडून कुणी तिला बघायलाच येणार होतं.

भावांना समुद्राकडच्या खोल्या मिळाल्या. थोरल्याची सोय आबांबरोबर, बोटीच्या पोटातल्या एका खोलीत, कारण आबांना उजेड सोसत नव्हता. दोन अरुंद पलंग, मध्ये एक माणूस आडवा चालेल एवढी वाट, आणि खिडकीच्या जागी भिंतीवर खिडकीचं चित्र. थोरली सुनेच्या खोलीत, पोरं सांभाळायला.

“आयुष्यात पहिल्यांदा समुद्र बघायला आले,” ती म्हणाली, “आणि लंगोट बदलतेय.”

“चार दिवसांचा तर प्रश्न आहे. निकाल लागला की बघ काय करतो मी.”

“काय कराल?”

“पहिल्यांदा मशीन फिरवतो.”

थोरलीने त्याच्याकडे असं पाहिलं, जसं माणूस बंद पडलेल्या घड्याळाकडे पाहतो. “बायकोला बोटीच्या टोकापर्यंत फिरवा आधी,” ती म्हणाली आणि पोराला खांद्यावर टाकून निघून गेली.

पहिल्या संध्याकाळी जेवणाच्या दालनात त्यांच्यासाठी एक लांबच लांब टेबल लावलं होतं. आबा मधोमध बसले. डावीकडे थोरला, कारण घास भरवायला तीच बाजू सोयीची. आबांचा डावा कान करवतीने केव्हाच खाल्ला होता, त्यामुळे थोरल्याला भरवता यायचं, पण काही विचारता यायचं नाही. ऐकू यायचं ते उजव्या कानाने. आणि उजवीकडची खुर्ची आबांनी रिकामी ठेवायला सांगितली.

सूप आलं तसं त्यांनी बोटाने जावयाला खूण केली. जावई आपली बशी घेऊन उजवीकडे जाऊन बसला. आबा त्याच्या कानाशी लागले. थोरला चमचा धरून थांबला. जावई हळूहळू फुलत गेला. आधी कान लाल झाले, मग गाल, मग मान. उठताना तर त्याने सासऱ्याच्या पायांना हात लावला.

“काय म्हणाले?” थोरल्याने त्याला पुढे बोळात गाठून विचारलं.

“तब्येतीचं बोलत होते,” जावई म्हणाला, आणि शीळ घालत गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मधला उजवीकडे बसला, संध्याकाळी धाकटा. तेही तसेच फुलून उठले. थोरला डावीकडे मांस कापत राहिला. समोरच्या काचेतून समुद्र दिसत होता, नांगरून ठेवलेल्या काळ्या रानासारखा, आणि त्यावर ऊन लोळत होतं. थोरल्याने ते पाहिलं नाही. तो फक्त त्या खुर्चीकडे बघत होता आणि मनाशी म्हणत होता, त्यांना कानात सांगायचं ते किरकोळ सांगत असतील. मोठं ते सगळ्यांसमोर. मला सगळ्यांसमोरच देणार.

भाऊही त्याला लोणी लावत होते. कठड्यापाशी मधला त्याच्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, “दादा, वखार तुलाच मिळायला पाहिजे. हक्क आहे तुझा. आम्ही काय, उंटावरून शेळ्या हाकणारे.”

“खरंच वाटतं तुला असं?”

“म्हणजे काय! मी आबांनाही तेच सांगितलं.”

धाकटाही हसून म्हणाला, “दादा मालक झाला की आपल्याला वखारीत बसायला ओंडका तरी देईल ना?”

थोरल्याला भरून आलं. त्याने दोघांना वचन दिलं. मधल्याच्या दुकानाला लाकूड पहिल्या प्रतीचं, धाकट्याच्या घराला दारं-खिडक्या फुकट. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि धाकटा खोकण्याच्या निमित्ताने समुद्राकडे तोंड करून उभा राहिला. त्याचे खांदे बराच वेळ हलत होते.

मग ती संध्याकाळ आली. बोटीवरच्या सगळ्या प्रवाशांना मोठ्या दालनात बोलावलं होतं. वाजंत्री मंडळी आणि त्यांचे कपाटाएवढे भोंगे एका उंच मंचावर होते. निवेदकाने जाहीर केलं, की बोटीवरच्या सर्वांत वयस्कर प्रवाशाचा आज सन्मान करायचा आहे, आणि दोघा नोकरांनी आबांची खुर्ची उचलून मंचावर नेली. डोक्यावर सोनेरी कागदाचा मुकुट घातला. हातात सुरी दिली. ती थरथरली, तेव्हा निवेदकानेच त्यांचा हात धरून केक कापला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. भोंगे असे सुरू झाले की टेबलावरच्या पेल्यांतलं पाणी शहारलं.

खाली लांब टेबलाशी सगळं खानदान बसलं होतं. थोरल्याने नवा सदरा घातला होता. त्याचा जीव टांगणीला लागला होता.

आबांनी डोक्यावर दोनदा टाळी वाजवली. वखारीत ही खूण म्हणजे काम सोडा, इकडे बघा. मुलं, मुलगी, वखारीत बागडलेली नातवंडं, सगळ्यांच्या माना एकदम वळल्या. एवढ्या गोंगाटात आबांच्या हाताला जराही कंप नव्हता.

त्यांनी हाताची कड दुसऱ्या हातावर ओढली. वखार.

थोरला उभा राहिला.

आबांनी बोट वर केलं आणि हवेत फुली मारली. एक रेघ अशी, एक रेघ तशी.

थोरल्याला वाटलं, आपण चुकीचं वाचलं. त्याने हात पसरून विचारलं, काय? आबांनी पुन्हा सगळं सांगितलं, सावकाश, नवख्या मजुराला सांगावं तसं. वखार. फुली. मग हात खांद्यावरून मागे टाकला: इकडे यायच्या आधीच. मग ओठांवरून दोन्ही बाजूंना पीळ दिला, म्हणजे मिशावाला, नदीपलीकडच्या वखारीचा मालक, ज्याच्याशी तीस-चाळीस वर्षं त्यांचं हाडवैर. त्याला.

मग आबांनी बोट गोल फिरवलं, साऱ्या दालनावरून: झुंबरं, गालिचे, भोंगे, केक, नोकर. आणि पाची बोटं जुळवून तोंडाकडे नेली. ही बघा वखार. खाताय तुम्ही ती.

टेबलाशी काट्या-चमच्यांचा आवाज थांबला. मधल्याची बायको नवऱ्याला ढोसत होती, “अहो, काय म्हणतायत आबा? सांगा की, काय म्हणतायत?” मधला सांगेना. त्याचा चेहरा जुन्या भुशासारखा झाला होता. थोरलीला कुणी ही भाषा शिकवली नव्हती. पण इतक्या वर्षांत ती बघून बघून शिकली होती आणि तिने ते कुणाला कळू दिलं नव्हतं. तिने मांडीवरचं पोर घट्ट धरलं आणि नवऱ्याकडे न बघता पाण्याचा पेला पुढे सरकवला.

थोरल्याची मूठ वर गेली. ती गोल फिरू लागली. थांबवा. थांबवा.

निवेदकाला वाटलं, या कुटुंबाचा हा काही नाच असावा. त्याने आबांसारखी हवेत फुली मारली, वाजवणाऱ्यांनी त्यावर ठेका धरला, आणि पुढच्या टेबलांवरची माणसं हसत उठली. पाहता पाहता अख्खं दालन हवेत फुल्या मारू लागलं. बायका, म्हातारे, पोरं. कुणी थोरल्यासारखी मूठ फिरवू लागलं. एक अनोळखी बाई त्याच्यासमोर येऊन, “असंच ना?” म्हणत फुलीवर फुली मारत राहिली. मंचावर कागदी मुकुटाखाली आबा हसत होते. बोळक्या तोंडाने, अंग हलवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. त्यांना इतकं हसताना घरात कुणी पाहिलं नव्हतं.

बाहेर बोळात भावांनी थोरल्याला घेरलं.

“तुला माहीत होतं!” मधला ओरडला. “त्यांच्या खोलीत झोपतोस तू!”

“मला काही—”

“उजवीकडे बसवून मला म्हणाले, वखार तुझीच, फक्त थोरल्याला कळू देऊ नकोस!”

“तुला?” धाकटा म्हणाला. “मला म्हणाले होते!”

 जावई भिंतीला टेकला होता आणि त्याने सासऱ्याच्या पायांना लावलेला हात विजारीला पुसत होता.

थोरला एकाकडून दुसऱ्याकडे बघत होता. “म्हणजे तुम्ही कठड्यापाशी मला... तुझाच हक्क आहे, म्हणत होतास ना तू?”

“दादा, मूर्खासारखं बोलू नकोस,” मधला म्हणाला. “तुला कोण वखार देणार? तू त्यांच्या तोंडाला फडकं लावणारा माणूस. फडक्याच्या नावावर कुणी वखार करतं का?”

बहिणीने डोळ्यांना पदर लावला. ती रडत होती ती वखारीसाठी, आबांसाठी नव्हे. मग सगळे आपापल्या समुद्राकडच्या खोल्यांत गेले, आणि दारं आपोआप बंद झाली.

थोरल्याने आबांना खोलीत आणलं. मुकुट काढला, कोट काढला, बूट काढले. सवयीचे हात होते, ते आपलं काम करत गेले. मग तो उजव्या बाजूला, त्यांच्या चांगल्या कानापाशी, गुडघ्यांवर बसला.

“का विकलीत, आबा?”

आबा समाधानाने उशीवर टेकले. “मी गेल्यावर तुम्ही वखारीपायी एकमेकांची डोकी फोडणार, हे नक्की. आणि ते बघायला मी नसणार. म्हटलं, असताना बघून घ्यावं.”

“मी काय वाकडं केलं होतं तुमचं?”

“तू?” आबांनी जरा आठवल्यासारखं केलं. “तू काहीच केलं नाहीस. ना सरळ, ना वाकडं. दुसरा असता तर बोटं गेली त्या दिवशी त्याने माझ्या डोक्यात ओंडका घातला असता. मी वाट बघितली बरेच दिवस. मग म्हटलं, याच्यात काही दम नाही.”

थोरल्याने मान वळवली. भिंतीवरच्या चित्रातल्या खिडकीत रंगवलेलं ऊन पडलं होतं.

“आणि ऐक,” आबा डोळे मिटता मिटता म्हणाले. “मिशावाला म्हणाला, मशीन उलटी बसवलीय, ऊन डोळ्यांत येतं. पहिल्या दिवशी फिरवून घेतो. मी म्हटलं, घे बाबा, मालक तू.”

सकाळी समुद्र दुधासारखा होता. किनारा अजून दूर होता. बोटीला तिथे पोचायला आणखी दोन दिवस होते. न्याहारीच्या दालनात लांब टेबल तसंच लावलेलं होतं. थोरल्याने आबांची खुर्ची मध्यावर आणून लावली, मानेखाली रुमाल खोचला, आणि आपल्या जागी, डावीकडे, बसला.

बाकी कुणी त्या टेबलाशी आलं नाही. मधला खिडकीपाशी चौघांच्या टेबलावर बसला. धाकटा दुसऱ्या कोपऱ्यात, जावई तिसऱ्या. नातवंडं आली, आजोबांकडे एकदा पाहिलं आणि आपापल्या आयांकडे पांगली. आबांनी मधल्याला बोटाने खूण केली: इकडे ये, उजवीकडे बस. मधल्याने पावाला लोणी लावलं. आबांनी धाकट्याला खूण केली. धाकटा बायकोला समुद्रात काहीतरी दाखवत होता. मग आबांनी डोक्यावर दोनदा टाळी वाजवली. त्या टाळीवर आयुष्यभर ज्या माना वळल्या होत्या, त्या सगळ्या आज बशांत वाकलेल्या होत्या.

वेटरने दोन भरलेल्या प्लेटी आणून ठेवल्या. उकडलेली अंडी, भाजलेलं मांस, पाव, फळं. आबांच्या नाकपुड्या हलल्या.

“अरे,” ते म्हणाले.

थोरल्याने सुरी उचलली. मांसाचा एक तुकडा कापला, काट्याला टोचला आणि आपल्या तोंडात घातला. मग दुसरा. तो एरवी चिमणीसारखं खायचा, आबांचं होईपर्यंत त्याचं गार होऊन जायचं. आज तो खात होता. अंडं खाल्लं, पाव खाल्ला, हनुवटीवरून ओघळलेला रस मनगटाने पुसला आणि पुन्हा खाल्लं. वेटरला बोलावून त्याने आणखी मांस मागितलं, आणखी पाव, काल उरलेला केक असेल तर तोही. जबडा दुखेपर्यंत तो चावत राहिला.

“अरे, काप की,” आबा म्हणाले. “गार होतंय.”

थोरला केक खात होता.

आबांनी स्वतःच काटा उचलला. अंडं प्लेटीतून निसटलं, टेबलावरून घरंगळत गेलं आणि गालिच्यावर पडलं. पावाचा तुकडा कसाबसा ओठांपर्यंत गेला आणि रुमालात पडला. खिडकीजवळ कुणीतरी फिसकन हसलं, बहुतेक जावई. तेवढ्यात थोरली उठून आली. तिला येताना पाहून आबांनी तोंड उघडलं, पाखराच्या पिलाने उघडावं तसं. थोरलीने त्यांच्यासमोरची मिठाची बाटली उचलली आणि परत आपल्या टेबलाशी गेली.

“थोरल्या,” आबा म्हणाले. साठ वर्षांत त्यांनी त्याला कधी त्या नावाने हाक मारली नव्हती. “थोरल्या, भूक लागलीय रे.”

थोरल्याने त्यांच्याकडे पाहिलं. नीट, वेळ घेऊन पाहिलं, कुठला ओंडका कुठून कापायचा हे ठरवताना पाहायचा तसं. मग त्याने रुमालाने बोटं पुसली, एकेक करून, जेवढी होती तेवढी.

वेटर आला. आबांची प्लेट भरलेली होती तशीच होती. तो जरा अडखळला आणि त्याने अदबीने विचारलं, “आजोबांचं व्हायचंय का अजून?”

“नाही,” थोरला म्हणाला. “झालं त्यांचं. न्या.”